मनाच्या आजाराची गोळी : घ्यावी कशी आणि सोडावी कशी?



आपल्या वस्तीत कुणाला साखरेचा आजार असला, तर तो चार माणसांत सांगतो. बी.पी.ची गोळी तर घरातल्या फळीवर सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते. पण मनाच्या आजाराची गोळी मात्र तांदळाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत किंवा गादीखाली लपवली जाते. नवऱ्याला कळू नये म्हणून बायको लपवते. बायको घाबरेल म्हणून नवरा लपवतो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आईबाप लपवतात. लपवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही, तिच्याबद्दल डॉक्टरांना काही विचारले जात नाही, आणि एक दिवस ती गुपचूप बंद केली जाते. औषधाने होते त्याहून अधिक नुकसान या लपवाछपवीने होते.

उदासीनतेचा आजार, म्हणजे ज्याला आपण सर्रास डिप्रेशन म्हणतो, तो काही श्रीमंतांचा आजार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर वीस माणसांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो, असे त्या पाहणीत दिसले. म्हणजे पाचशे माणसांच्या चाळीत पंचवीस माणसे धरा. ती माणसे आहेतच, फक्त बोलत नाहीत.

मी डॉक्टर नाही. कार्यालयात कारकुनी करणारा आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम करणारा माणूस आहे. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात वस्तीतल्या लोकांबरोबर केसपेपर काढायला, औषधांच्या रांगेत उभे राहायला मी अनेकदा जातो. तेथे डॉक्टर जे सांगतात, आणि घाईगर्दीत लोकांच्या जे ध्यानात राहत नाही, ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

आजारी माणसाचे पाच गुण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आनंदाला सोबत घेऊन गेले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि उचलून बिछान्यावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्खुसंघाला आजाऱ्याची सेवा कशी करावी ते सांगितले. सेवा करणाऱ्याला पाली भाषेत ‘गिलानुपट्ठाक’ म्हणतात.

त्याच ठिकाणी आजाऱ्याचेही पाच गुण सांगितले आहेत. तो पथ्याने वागतो. पथ्याचेही प्रमाण जाणतो. औषध घेतो. आजार वाढला, कमी झाला की तसाच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. आणि दुखणे धीराने सोसतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आजच्या मानसोपचाराच्या ओ.पी.डी.च्या भिंतीवर लावावे असे आहे. औषध घेणे हा आजाऱ्याचा गुण म्हणून सांगितला आहे, दोष म्हणून नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हा आजार आहे की नुसते दुःख?

घरात मरण झाले, नोकरी गेली, मुलगा नापास झाला, तर वाईट वाटणारच. त्याला आजार म्हणत नाहीत. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन बुडालेले असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, आणि त्याबरोबर झोप उडणे किंवा अति झोप, भूक मंदावणे, अंगात त्राण नसणे, कशात लक्ष न लागणे, आपण निकामी आहोत असे वाटणे, जगू नये असे विचार येणे, यांपैकी अनेक गोष्टी असतील, तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याकडे पुष्कळदा हा आजार अंगदुखीच्या रूपाने येतो. डोके जड होते, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात. चिंतेच्या आजारात तर छाती आवळून आता जीव जाणार असे वाटते. ई.सी.जी. चांगला निघतो आणि घरचे म्हणतात, “नाटक करते.” हे नाटक नव्हे. मात्र थायरॉइडचा विकार, रक्त कमी असणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असाच थकवा आणि उदासी येते. म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले तर टाळू नये.

आजार सौम्य असेल तर पुष्कळदा समुपदेशन, नियमित झोप, चालणे आणि माणसांत मिसळणे यांनीच बरे वाटते. मध्यम किंवा तीव्र आजारात गोळी लागते, आणि गोळी व समुपदेशन दोन्ही मिळाले तर अधिक चांगले.

पंचशीलाचा भंग होतो का?

हा प्रश्न मला विहारात अनेक उपासक-उपासिकांनी विचारला आहे. “आम्ही पाचवे शील घेतले आहे, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. मग डोक्यावर असर करणारी गोळी चालते काय?”

पाचवे शील बेहोश करणाऱ्या, प्रमाद घडवणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. आजारी मनाला भानावर आणणारे औषध हे नेमके त्याच्या उलट काम करते. विनयपिटकात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्खूच्या वातविकारासाठी, ज्यात थोडे मद्य घालावे लागे असे तेल वापरायला परवानगी दिल्याची हकिकत आहे. मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतपतच ते असावे, ही मर्यादाही तेथेच घातली आहे. म्हणजे औषध चालते, पण मात्रेत आणि कारणापुरते.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत होते. त्यामुळे त्यांना कुणी दुबळे म्हटले नाही. स्वादुपिंड आजारी पडू शकते, तसा मेंदूही आजारी पडू शकतो. देव सोडले, पण दुखणे आले की देवऋषी, अंगारा, उतारा सुटत नाही, असे अजूनही काही घरांत दिसते. ते मात्र प्रतिज्ञेला धरून नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणारा, साखळीने बांधणारा भगत या कायद्याने गुन्हेगार ठरतो.

दोन प्रकारच्या गोळ्या, दोन वेगळे हिशेब

येथे लोकांची सर्वांत मोठी गफलत होते. एकाच चिठ्ठीवर दोन वेगळ्या प्रकारची औषधे असतात, आणि आपण दोन्हींना ‘झोपेची गोळी’ म्हणतो.

पहिला प्रकार उदासीनता बरी करणाऱ्या गोळ्यांचा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, मिर्टाझापिन ही त्यांतली नेहमीची नावे. अमिट्रिप्टिलिन आणि इमिप्रामिन ही जुन्या पिढीची औषधे. चिंतेच्या आजारावरही यांतलीच बरीच औषधे देतात. ती हळूहळू काम करतात. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही.

दुसरा प्रकार मन तात्पुरते शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही ती नावे. या तासाभरात काम करतात, म्हणून लोकांना याच ‘खऱ्या’ वाटतात. पण यांची सवय लागते. डॉक्टर त्या सहसा दोन ते चार आठवड्यांपुरत्या, पहिला प्रकार लागू पडेपर्यंत देतात. आपण मात्र तीच चिठ्ठी घेऊन वर्षानुवर्षे नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणत राहतो, आणि जी चालू ठेवायची ती महिन्यात बंद करतो. म्हणजे हिशेब नेमका उलटा होतो.

आणखी एक गोष्ट. बाजारात एकाच गोळीत दोन औषधे मिसळलेली मिळतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे फार चालते. वर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि खाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. ते बारीक अक्षर वाचावे, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. नावात ‘झोलाम’ किंवा ‘झेपाम’ असे शेपूट दिसले, तर ती सवय लागणारी गोळी आहे असे समजून डॉक्टरांना विचारावे, “ही किती दिवस घ्यायची?” मात्र बरीच वर्षे घेत असलेली अशी गोळी एकदम फेकून देऊ नये. अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करावी लागते.

पहिले सहा आठवडे धीराचे

आमच्या भागात धुणीभांडी करून दोन मुलांना शिकवणारी एक भगिनी आहे. तिला गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, जीव कासावीस. तिने पंधराव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. म्हणाली, “औषधानं आजार वाढला.” तिला कुणी आधी सांगितले नव्हते की या औषधाचे त्रास आधी येतात आणि फायदा मागून येतो.

साधारणपणे फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. आधी झोप आणि भूक सुधारते, मन मागाहून उजळते. कित्येकदा स्वतःला काही कळत नाही, पण घरचे म्हणतात, “आज तू वेणी घातलीस.” मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास बहुतेक एक-दोन आठवड्यांत ओसरतात. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होते. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी, आणि सुस्ती येत असेल तर रात्री घेता येते. पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्या भगिनीने पुन्हा दाखवल्यावर डॉक्टरांनी कमी मात्रेपासून सुरुवात केली आणि दोन महिन्यांत ती कामावर उभी राहिली.

पाळीत काम करणाऱ्यांनी विशेष जपावे. प्रेस मशीन, रिक्षा, ट्रक, परांचीवरचे काम करणाऱ्याने गोळी सुरू करताना हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गोळी अंगवळणी पडेपर्यंत आणि मात्रा बदलल्यावर काही दिवस असे काम टाळावे.

एखादी गोळी घ्यायची राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन दिवसांच्या दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत.

काही त्रास असे आहेत की बोलायला लाज वाटते. पती-पत्नीच्या संबंधातली इच्छा कमी होणे हा त्यांतला एक. पुष्कळ पुरुष याच कारणाने न सांगता गोळी सोडतात. डॉक्टरांना हे नवे नाही. सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. वजन वाढणे, तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता याही गोष्टी सांगाव्यात.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

चौथा गुण आठवा : आहे ते जसेच्या तसे सांगणे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, जुने केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्यावेत. पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

क्षयरोगाचे औषध चालू असल्यास आधी सांगावे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड नावाची गोळी देतात. तिचा आणि या गोळ्यांचा संयोग धोक्याचा ठरू शकतो. क्षयरोगाची काही औषधे आणि एस्सिटालोप्राम हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, म्हणून ई.सी.जी. काढावा लागतो. त्याचप्रमाणे क्षयरोग केंद्रातही मनाच्या गोळीची माहिती द्यावी. एका केंद्राला दुसऱ्याचे ठाऊक असेल असे गृहीत धरू नये.

अंगदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. आपल्यातले कष्टकरी लोक रोज दुखण्याची गोळी घेऊन कामाला जातात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन यांच्यासोबत उदासीनतेच्या पुष्कळ गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबतही हीच काळजी. ट्रामाडॉल नावाची जोरकस वेदनाशामक गोळी आणि कोरड्या खोकल्याच्या काही औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही विचारल्याशिवाय घेऊ नये.

दारू पीत असल्यास ते सांगावे. दारूने उदासी वाढते, आणि झोपेच्या गोळीबरोबर दारू घेतल्यास श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. येथे लाजेपेक्षा जीव मोठा आहे. एकदम दारू सोडल्यानेही त्रास होतो, म्हणून तीही डॉक्टरांना सांगूनच सोडावी.

घरात किंवा स्वतःला पूर्वी कधी उलट प्रकार झाला असेल तर सांगावा. म्हणजे काही दिवस झोपेची गरजच न वाटणे, अखंड बडबड, पैशाची उधळण, मी वाटेल ते करीन अशी भाषा. अशा माणसाला नुसती उदासीनतेची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. त्याचे औषध वेगळे असते.

दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी गोळी आपणहून बंद करू नये आणि लपूनही घेऊ नये. पॅरोक्सेटिनसारखे औषध गरोदरपणात सहसा टाळतात. त्याऐवजी दुसरे देता येते. आजार तसाच अंगावर काढणे आई आणि बाळ दोघांनाही घातक असते. वडीलधाऱ्या माणसांत या गोळ्यांनी कधी कधी रक्तातले सोडियम घटते. म्हातारे माणूस अचानक गोंधळले, बरळू लागले, तोल जाऊन पडू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. लगेच दाखवावे.

बरे वाटले, मग बंद का करू नये?

कुरिअरचे काम करणारा एक तरुण. दोन महिन्यांत खडखडीत बरा झाला. म्हणाला, “आता कशाला गोळी? खर्च वाचेल.” एका रविवारी त्याने सर्व बंद केले. तीन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. घरच्यांनी ठरवून टाकले, “बघा, गोळीची सवय लागली.”

ही सवय नव्हे. मेंदू औषधाशी जुळवून घेतो आणि ते एकाएकी काढले की काही दिवस त्याची गाडी डळमळते. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत हे अधिक होते. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जाते, म्हणून त्यात कमी. म्हणूनच गोळी सोडताना मात्रा आठवड्या-आठवड्याने, कधी महिन्या-महिन्याने उतरवतात. फार काळ घेतलेली असेल तर आणखी सावकाश.

आणि केव्हा सोडायची? पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवावी, असे डॉक्टर सहसा सांगतात. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. घराला टेकू दिला आणि भिंत सरळ झाली, म्हणून सिमेंट सुकायच्या आत टेकू काढत नाहीत. गावी जाताना, लग्नसराईत, पगार लांबल्यावर गोळ्या संपतात आणि खंड पडतो. म्हणून शेवटची पट्टी उघडली की दुसरी आणण्याची तजवीज करावी.

एक साधी वही करावी. तारीख, गोळी घेतली की नाही, झोप किती झाली, मन कसे होते, काय त्रास झाला, एवढ्या पाच रकान्यांची. डॉक्टरांना दर रुग्णामागे पाच मिनिटेही मिळत नाहीत. ती वही पुढे केली की ती पाच मिनिटे कारणी लागतात.

घरच्यांचे काम

आजाऱ्याच्या गुणांपाठोपाठ विनयपिटकात सेवा करणाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, काय हितकर आणि काय अहितकर ते कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस करू नये, आणि आजाऱ्याला धीर द्यावा. घरातल्या एका माणसाने हे काम अंगावर घ्यावे.

गोळ्या त्याच्याकडे, कुलपात असाव्यात. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे एकदम पुष्कळ घेतली तर हृदय बंद पडू शकते. लहान मुलाच्या हाती पाच-सहा गोळ्या लागल्या तरी प्राणावर बेतू शकते. एका वेळी आठ-पंधरा दिवसांच्याच गोळ्या आणाव्यात. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये. “माझ्या जावेला लागू पडली, तू पण घे,” हा प्रकार बंद झाला पाहिजे.

पहिल्या काही आठवड्यांत आजाऱ्याला एकटे सोडू नये. विशेषतः पंचवीस वर्षांखालील मुलामुलींत सुरुवातीला जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. मुलगा फार अस्वस्थ झाला, रागीट झाला, निरवानिरवीची भाषा करू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. “मरावेसे वाटते का?” असे मायेने विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मन मोकळे होते.

पुढील लक्षणे दिसली तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी : गोळ्या जास्त घेतल्याचा संशय; अंग थरथरणे, स्नायू ताठणे, ताप, भरपूर घाम आणि भ्रम एकदम येणे; फिट; काळी शौच किंवा रक्ताची उलटी; अंगावर चट्टे येऊन चेहरा सुजणे; दिवसेंदिवस झोप नसतानाही अति उत्साह. जाताना गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

कुठे जावे, खर्च किती?

खाजगी डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणून उपचारच नको, असे करू नये. मुंबईत केईएम, शीव, नायर, जे.जे. येथे, आणि राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे नुसते दाखवून, औषध घेऊन घरी येता येते. गेल्याबरोबर कोंडून ठेवतात हा गैरसमज आहे. ज्यांचा ई.एस.आय. कापला जातो त्यांनी तो हक्क वापरावा. बाहेरून औषध घ्यावे लागलेच तर जनऔषधी केंद्रात मूळ औषधाच्या नावाने विचारावे. तेथे पुष्कळ स्वस्त पडते.

‘टेलिमानस’ ही सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. हा क्रमांक घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा द्यावा असे सांगितले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला उपचार आणि आधार द्यावा, असे कलम ११५ सांगते. आणखी एक तरतूद आपल्याला मोलाची वाटावी अशी आहे. माणसाची सामाजिक, आर्थिक स्थिती किंवा प्रचलित रूढी न मानणे, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. बाबासाहेबांनी कायद्याच्या मार्गाने माणूसपण मागायला शिकवले. हा कायदा म्हणून वाचून ठेवावा.

विपश्यना आणि गोळी

ध्यानाने मन शांत होते यात शंका नाही. पण तीव्र उदासीनतेत असलेल्या माणसाला “गोळ्या टाक आणि दहा दिवसांच्या शिबिराला जा,” असा सल्ला देणे धोक्याचे आहे. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारलेली असते. ती खरी भरावी आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. घरी रोज थोडा वेळ आनापान, सकाळी चालणे, विहारातली वंदना, माणसांत बसणे, हे गोळीच्या जोडीने जरूर करावे.

गोळीचीही मर्यादा आहे

कुणी म्हणेल, आमच्या माणसाला बेकारीने, कर्जाने, साहेबाने जातीवरून केलेल्या अपमानाने, बापाच्या दारूने आजारी पाडले. गोळी त्याला काय करणार? हे खरे आहे. गोळीने नोकरी मिळत नाही आणि अपमान भरून निघत नाही. ज्या कारणांनी मन मोडते त्यांच्याविरुद्धचा लढा लढलाच पाहिजे. पण पाय मोडलेला कार्यकर्ता आधी प्लास्टर घालतो, मग मोर्चात चालतो. मन मोडलेल्यालाही उभे राहण्यापुरते बळ आधी मिळू द्यावे.

प्रत्येक विहार समितीने वर्षावासात एक रविवार या विषयासाठी ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार डॉक्टरांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना बोलवावे. महिला मंडळाने दोन भगिनी आणि तरुण मंडळाने दोन मुले नेमावीत. ज्याला एकट्याने दवाखान्यात जायची भीती वाटते त्याच्यासोबत त्यांनी जावे, केसपेपर काढून द्यावा आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. यासाठी वर्गणीही लागत नाही. एक दिवसाचा खाडा पडेल तेवढाच.

आणि ज्यांच्या तांदळाच्या डब्यात ती गोळी आज लपलेली आहे, त्यांनी ती बाहेर काढून बी.पी.च्या गोळीशेजारी ठेवावी. घरातल्या एका तरी माणसाला सांगावे. गोळी आपणहून वाढवू नका, कमी करू नका आणि बंद करू नका. जे करायचे ते डॉक्टरांना विचारून करा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!